गुरुवारचे कपडे

३ फेब्रुवारी

भाऊजी,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून द्याल, म्हणून पत्ता तुमच्या पुतणीकडून लिहून घेतलाय. तुम्ही गेलात तेव्हा तिला जोडाक्षरं येत नव्हती. आता ती माझ्या चुका काढते. फोन मी चार वेळा केला. चारही वेळा तुम्ही "लिफ्टमध्ये आहे वहिनी, नंतर बोलतो" म्हणालात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सबब मात्र नामी सापडलीय.

तुमच्या दादांनी हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना माहीतही नाही. ते समोर बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवतायत, आणि मी कपड्यांचा हिशेब... नाही, खोटं कशाला बोलू, मी पत्रच लिहितेय असं त्यांना दिसतंय, पण ते विचारत नाहीत. तुमचा विषय निघाला की त्यांना खडू सापडत नाही, कात्री सापडत नाही.

चार वर्षांपूर्वी तुम्ही कापायच्या टेबलावर तो अर्ज ठेवलात. मामंजी बेपत्ता होऊन सात वर्षं झाली होती, आता कायद्याने त्यांना मृत समजता येईल, घराचे कागद मार्गी लागतील, सही करा. ह्यांनी अर्ज वाचला नाही, घडी घालून तुमच्या हातात परत दिला. मग तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. "बस मग जन्मभर मेलेल्यांचे कपडे चाचपत." आणि जिना उतरलात.

आता एक कबूल करते. त्या दिवशी मनातून मी तुमच्या बाजूची होते. दर गुरुवारी नवरा दुकान बंद करून इस्पितळाच्या शवागारात जातो, बेवारस आलेल्यांचे कपडे बघतो, घरी येऊन दोनदा आंघोळ करतो आणि जेवताना गप्प असतो. हे बघायला कुणाला आवडेल? मला वाटायचं, सही करून टाकावी आणि सुटावं.

पण तुम्ही गेल्यावर काय काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

सुरुवातीला ते मामंजींनाच शोधायला जात होते, हे तुम्हाला माहीत आहे. एका गुरुवारी तिथल्या कारकुनाने सहज एक पँट दाखवली. नदीत सापडलेल्या कुणाची तरी. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी राहिली नव्हती, खिशात काही नव्हतं. ह्यांनी पायाची दुमड उलटी करून बघितली आणि म्हणाले, "ही दोनदा उसवून खाली सोडलीय. जुन्या घड्यांच्या रेषा बघा. दीड-दोन वर्षांत हा चार बोटं वाढलाय. म्हणजे सोळा-सतराचा असणार. आणि टाके आईच्या हातचे आहेत, शिंप्याचे नाहीत. दोरा जांभळा आहे, पँट काळी. घरात काळा दोरा संपला असेल."

कारकुनाने तेवढंच लिहून चौकीत पाठवलं. तिथल्या फौजदार बाईंनी बेपत्ता मुलांच्या घरोघर एकच प्रश्न विचारला, जांभळा दोरा कुणाच्या घरात आहे? नवव्या घरात निघाला.

आजवर सतरा जण झाले, भाऊजी. सतरा क्रमांकांना ह्यांनी नावं मिळवून दिली. रफू बघून, काज बघून, डाव्या खांद्याची शिवण जास्त झिजली म्हणून हा पोस्टमन असेल किंवा पाणी वाहणारा असेल, असं ओळखून. आणि घरच्यांना सांगायला हे स्वतः जातात. गिऱ्हाइकाकडे मान वर करून न बघणारा माणूस! माप घेतानासुद्धा "छत्तीस" हा आकडा मनात म्हणणारा!

हसायलाही येतं. परवा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या ब्लाउजची पाठ दहा मिनिटं निरखून हे म्हणाले, "कुठे शिवला हो?" तिने पर्स उगारली. मी मधे पडले म्हणून हे वाचले.

एवढंच सांगायचं होतं. उत्तर द्या असं म्हणत नाही. पुतणी म्हणते, काकांना सांग मी उंचीने तुझ्या कानापर्यंत आलेय.

वहिनी

१९ मार्च

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र वाचलं. तब्येत सांभाळा." पाच शब्दही धड नाहीत! तारेच्या दिवसांत जन्मला असतात तर तारखात्याचं दिवाळं निघालं असतं. पण कार्ड ह्यांनी उचलून दोनदा वाचलं आणि बटणांच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात हे फक्त जपायच्या वस्तू ठेवतात.

आजचं पत्र निराळं आहे. खुर्चीवर बसून वाचा.

गेल्या गुरुवारी हे भर दुपारी घरी आले. चपला न काढता आत आले, तिथेच मी समजले. हातात कागदी पिशवी. फौजदार बाईंनी सही घेऊन एक शर्ट घरी न्यायला दिला होता. बसस्थानकाच्या बाकावर एक म्हातारा वारलेला सापडला, त्याच्या अंगातला. घाबरू नका, ते मामंजी नव्हते. हा चांगला सहा फूट उंच, टक्कल पडलेला. हे स्वतः बघून आले होते.

शर्ट टेबलावर पसरला आणि म्हणाले, "तू बघ. मी काही बोलत नाही. तू बघ."

मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या वडिलांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती तुरपाई. ते डावखुरे, मी उजवी. समोरासमोर बसून शिकवायचे, म्हणजे आरशात बघून शिकल्यासारखं. त्यांचे टाके सगळ्या जगाच्या उलट्या बाजूला झुकलेले असायचे. ह्या शर्टाच्या घेरावर टाके तसेच होते. मी म्हटलं, डावखुरा शिंपी काय एकच असतो? माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. मग मी बाजूची शिवण चाचपली. खिशाच्या खाली, आतून, चार बोटांवर. हाताला जाड लागलं.

तुम्हाला आठवत असेल. मामंजी प्रत्येक शर्टाच्या शिवणीत त्याच कापडाची एक चिंधी घडी करून शिवून टाकायचे. गिऱ्हाइकाला सांगायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, "कधीतरी फाटेल, तेव्हा जुळतं कापड कुठे शोधत बसेल बिचारा?" दुसरा कुठला शिंपी हे करतो असं मी ऐकलेलं नाही.

ह्यांनी ब्लेडने शिवण उसवायला घेतली. दुसऱ्याच टाक्याला ब्लेड कापडात गेलं, तेव्हा मीच म्हटलं, द्या इकडे. चिंधी उलगडली. शर्ट चादरीचा होता, आणि त्या चिंधीवर इस्पितळाच्या चादरींवर मारतात तसा निळा शिक्का होता. इस्पितळाचं नाव अर्धं कापलेलं. आणि साल. साल पूर्ण होतं.

ते साल मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की मामंजी घरातून गेल्यानंतरचं आहे. बरंच नंतरचं.

ह्यांनी शर्टाची कॉलर अंगठ्याने दाबून बघितली. म्हणाले, "बघ, कॉलर अजून तशीच बसवतात. टोकाला सुरकुती नाही." "बसवतात" म्हणाले, भाऊजी. "बसवायचे" नाही.

अर्ध्या नावावरून तीन इस्पितळं निघतात. उद्या फोन करणार आहेत. तुम्हाला कळवते.

वहिनी

८ एप्रिल

भाऊजी,

जाऊन आलो. आधी शेवट सांगते, म्हणजे तुम्ही ओळींवरून उड्या मारणार नाही. मामंजी सापडले, पण ते आता नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी गेले. झोपेत गेले, आजारपण असं नाही.

दुसऱ्याच इस्पितळाने सांगितलं की जुन्या चादरी ते एका निवारागृहाला देतात. एक आगगाडी आणि दोन बस बदलून तिथे पोचलो. लांब बैठी इमारत, मोठं अंगण, आणि अंगणात तीस-चाळीस पुरुष उन्हाला बसलेले. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे फाटकातच थांबलेले. मग माझ्याही लक्षात आलं. निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात ते शर्ट होते. पांढरे, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या बाहीवर पुसट निळा शिक्का. आणि प्रत्येकाच्या खांद्याची शिवण खांद्यावरच! निवाऱ्यातल्या माणसांचे कपडे बघितलेत ना तुम्ही? कुणाचं कुणाच्या अंगात लोंबत असतं. इथे एकेकाला माप घेऊन शिवलेला.

तिथल्या सुपरिंटेंडेंट बाई चांगल्या आहेत. त्यांनी वही काढली. बसस्थानकावर वारलेला तो उंच म्हातारा तिथलाच निघाला. मामंजी त्यांना अकरा वर्षांपूर्वी रेल्वे स्टेशनच्या बाकावर सापडले. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. मांडीवर कागदात गुंडाळलेला नवा कोट. "कुणाचा?" विचारलं की म्हणायचे, "गिऱ्हाइकाचा, नेऊन द्यायचाय." बाईंनी तिथल्या चौकीत कळवलं होतं, तो कागद आपल्यापर्यंत कधी आलाच नाही. तो कोट ते दोन वर्षं कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिसऱ्या थंडीत एक कुडकुडणारा माणूस आला. त्याला नीट बघितलं, कोट उसवला, त्याच्या मापाचा केला, त्याच्या अंगात घातला, आणि बाईंना जाऊन म्हणाले, "सापडलं गिऱ्हाईक." दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवणयंत्र मागितलं.

तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. वहीतही तेच नाव आहे. रोज सकाळी विचारायचे, मी कुठे आहे? बाई सांगायच्या, दुकानात. मग कामाला लागायचे.

तुमचे दादा त्या अंगणात फिरले. एकेकाच्या शेजारी बसून कॉलर, कफ, बटणपट्टी बघत. कुणी हरकत घेतली नाही. एक आजोबा होते, नुकतेच आलेले, अंगात मळकी बंडी. त्यांनी ह्यांना विचारलं, "मास्तरांचा मुलगा ना? मग माझं माप घ्यायचं राहिलंय की." ह्यांनी खिशातून टेप काढली. भाऊजी, ह्यांनी त्या माणसाचं माप घेतलं. छाती, खांदा, बाही. आणि आकडे मोठ्याने म्हटले. मी भिंतीकडे तोंड करून लिहून घेत होते.

तीन दिवस राहिलो. मास्तरांच्या यंत्रावर ह्यांनी अकरा शर्ट शिवले.

आता जे लिहायचं ते लिहायला मला सहा दिवस लागले.

शिक्क्यावरचं साल तीन वर्षांपूर्वीचं होतं. म्हणजे तुम्ही अर्ज आणलात तेव्हा मामंजी जिवंत होते, चांगले शिवत होते. ह्यांनी मला शपथ घातली होती, "त्याला साल सांगू नकोस. चौदा महिनेही सांगू नकोस. खूप वर्षं झाली म्हण. तो उगीच स्वतःला खात बसेल." तुमच्यावर चार वर्षं रागावलेला माणूस हे बोलतोय, हे लक्षात घ्या.

तरी मी सांगतेय, कारण एकदा गप्प बसून बघितलंय मी.

मामंजी घरातून जाण्याच्या आधी सहा-सात महिने त्यांना विसर पडायला लागला होता. स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे आणि का आलो ते आठवायचं नाही. एकदा तुमच्या आईला हाक मारली, त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी बघितलं हे त्यांना कळलं. माझे हात धरले आणि म्हणाले, "सूनबाई, मुलांना सांगू नकोस. ते माझ्या हातून कात्री काढून घेतील." मी वचन दिलं. त्या दिवशी कोट द्यायला निघाले तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी म्हटलं, मी येते बरोबर. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणाले. मी हसले, चप्पल बदलून दिली आणि जाऊ दिलं.

अकरा वर्षं हे मी कुणाला बोलले नव्हते. परतीच्या बसमध्ये ह्यांना सांगितलं. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघणार नाहीत. ह्यांनी वाऱ्याची खिडकी ओढून बंद केली. मग म्हणाले, "मलाही माहीत होतं. त्यांनी कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. मी पकडलं, तेव्हा म्हणाले, सुनेला सांगू नकोस, ती मला एकट्याला बाहेर सोडणार नाही."

दोघांनी एकाच छपराखाली, एकाच माणसाचं गुपित, एकमेकांपासून सांभाळलं. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर!

म्हणून तुम्हाला विचारते, भाऊजी. रागाने नाही. मामंजींनी तुम्हालाही काही सांगितलं होतं का?

वहिनी

१२ मे

भाऊजी,

सुखरूप पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तुम्ही इथे होतात तेव्हा घरात सतत कुणी ना कुणी होतं, मला तुमच्याशी निवांत बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबले. हे काय म्हणतील, तुम्ही काय म्हणाल. ह्यांनी पुढे होऊन तुमची कॉलर दोन बोटांत धरली, उलटी केली, आणि म्हणाले, "हा कुठल्या गाढवाने शिवलाय?" तुम्ही म्हणालात, "तयार घेतलाय." "दिसतंच आहे. काढ." आणि तुम्ही खरंच दारात शर्ट काढलात! समोरच्या काकू अजून विचारतायत.

बाहीचं टोक नीट करता करताच ह्यांनी तुमचं ऐकलं. मी आतून ऐकलं, माफ करा. मामंजींनी तुम्हाला सांगितलं होतं, "थोरल्याला सांगू नकोस, तो दुकान बंद करून माझ्यापाशी बसून राहील." तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे. आणि सात वर्षांनी तो अर्ज का आणलात तेही सांगितलंत. कागदावर मेले असं लिहिलं की मग रोज रात्री ते कुठल्या रस्त्यावर असतील हा विचार तरी थांबेल. मी त्या अर्जात घराचे कागद बघत होते. ह्यांनी मान खाली घालूनच म्हटलं, "थांबला का?" तुम्ही म्हणालात, "नाही." मग ह्यांनी तुम्हाला शर्ट परत दिला. त्या दिवशी त्यांना खडूही सापडत होता आणि कात्रीही.

गुरुवारी तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात. मला वाटलं होतं, आता मामंजी सापडले, आता गुरुवार संपले. सकाळी मी डबा भरला नव्हता. हे पिशवी घेऊन उभे. मी म्हटलं, आता कशासाठी? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इस्त्री न तापवता शर्टावर फिरवतेय. कारकून सांगत होता, तुम्ही आधी दाराबाहेर थांबलात, मग आत आलात, आणि एका जाकिटाची चेन बघून म्हणालात, हे तेलाचे डाग यंत्राच्या तेलाचे नाहीत, रंग पातळ करायच्या तेलाचे आहेत. ह्यांनी घरी येऊन मला तीनदा सांगितलं. "त्याने बरोबर ओळखलं बरं का. माझ्या नाकाला कळलं नसतं."

मी ह्या माणसाशी लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं, साधा शिंपी आहे, डोकं वर काढत नाही, बरं आहे. मला काय मिळालंय हे कळायला वीस वर्षं लागली. तुमच्यासमोर बोलले असते तर त्यांनी कान लाल करून आत पळ काढला असता.

पुतणी विचारते, काका लिफ्टमध्ये खरंच असतात का?

वहिनी

२८ जून

प्रिय धाकट्यास,

पत्र लिहायची मला सवय नाही. तुझी वहिनी म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते, पण हे मीच लिहिलेलं बरं.

तू ओळखलेल्या जाकिटाचा पत्ता लागला. माणूस रंगारी होता. सहा वर्षांपूर्वी कामावर गेला तो परत आला नाही. त्याची बायको तुझ्याच शहरात राहते. शाळेत शिपाई आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. फौजदार बाई फोन करणार होत्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आमचा माणूस तिथे आहे.

तू जा. रविवारी सकाळी जा, ती घरी असते. ढगळ शर्ट घालून जाऊ नकोस.

दारात उभ्याने सांगू नकोस. पहिल्या वेळी मी दारात सांगून टाकलं आणि जिना उतरून पळालो. त्या जांभळ्या दोऱ्याच्या पोराची आई माझ्यामागे दोन मजले आली, फक्त एवढं विचारायला की त्याच्या पायात बूट होते का. तेव्हापासून मी आत बसतो. पाणी दिलं तर पी. नको म्हणू नकोस, तिला तेवढ्या वेळात काहीतरी करायला मिळतं.

वाईट बातमी आहे, असं आधी म्हणू नकोस. तुझा चेहरा बघून तिला कळेल. नाव घे त्याचं. "ते सापडले" म्हण, आणि लगेच "ते हयात नाहीत" म्हण. मधे थांबलास तर त्या थांबण्यात तिला आशा वाटेल, ते फार वाईट.

"नक्की ना?" असं ती विचारेल. सगळे विचारतात. तेव्हा खाली बघू नकोस. पाकिटात जाकिटाच्या आतल्या खिशाचा तुकडा ठेवलाय. तो खिसा तिने घरी शिवलाय, सुईत दुहेरी दोरा घालून. तो तुकडा टेबलावर ठेवू नकोस, तिच्या हातात दे. ती बोटाने टाके चाचपेल आणि मग तुला काही सांगावं लागणार नाही.

त्यानंतर ती त्याच्याबद्दल बोलायला लागेल. त्याला काय आवडायचं, भांडण कशावरून झालं होतं, त्या सकाळी ती काय बोलली. हे सगळं सहा वर्षं तिने कुणाला सांगितलेलं नसेल. ऐक. मधे समजूत घालू नकोस. तिची चूक नव्हती असंही म्हणू नकोस, ते तिला आज पटणार नाही.

आणि लवकर उठू नकोस. मला बोलता येत नाही म्हणून मी नुसता बसतो. तुला बोलता येतं, तरी तू नुसताच बस. ती स्वतः उठून म्हणेल, तुम्हाला उशीर होत असेल. तेव्हा नीघ.

झाल्यावर मला फोन कर. मी दुकानातच आहे.

दादा